न ढवळलेल्या बाटलीतले जादा एक्झायटॉन

क्युव्हेट म्हणजे काचेची चौकोनी, बोटभर उंचीची नळी. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं द्रावण. तळाशी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये गुंडाळलेला लोहचुंबकाचा तुकडा. खालच्या यंत्राचं बटण फिरवलं की हा तुकडा गरगर फिरतो आणि द्रावण ढवळलं जातं. रसायनाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चीज सापडते. फेमटोसेकंद लेझरच्या टेबलावर तर ती सगळ्यात स्वस्त वस्तू असावी. आसपासचा एखादा आरसासुद्धा तिच्याहून महाग असतो.

क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरांच्या कणात, एका फोटॉनपासून (प्रकाशाच्या एका कणापासून) किती एक्झायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या जोड्या, मिळतात, यावर २००४ ते २०१० या काळात जो वाद चालला, त्यातला मोठा भाग या चुंबकाच्या तुकड्याने निकालात काढला. सेकंदाच्या अब्जांश भागाचेही हजार तुकडे करून मोजणाऱ्या लोकांची गफलत झाली, आणि ती झाली कित्येक सेकंद चालणाऱ्या एका संथ घडामोडीमुळे. हे प्रकरण मला सविस्तर सांगावंसं वाटतं ते त्यासाठीच.

सुट्टे नसलेला दुकानदार

आधी पैज कशावर लागली होती ते पाहू. सौरघटात एक फोटॉन शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. ही जोडी म्हणजे एक्झायटॉन. दोन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, बँड गॅप, ही तिची किंमत. समजा चहा दहा रुपयांचा आहे. तुम्ही दहाची नोट द्या, वीसची द्या, नाहीतर पन्नासची, या दुकानदाराकडे सुट्टे कधीच नसतात. चहा एकच मिळतो, वरचे पैसे बुडाले. निळ्या फोटॉनमध्ये लाल फोटॉनपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, पण जादाची ऊर्जा पिकोसेकंदभरात (सेकंदाच्या अब्जांशाच्या हजाराव्या भागात) उष्णता होऊन निघून जाते. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली एकपदरी सौरघटाची जी कमाल मर्यादा काढली, ती आजच्या हिशेबाने साधारण ३३ टक्के येते. तीत या बुडालेल्या सुट्ट्या पैशांचा वाटा मोठा आहे.

पन्नासच्या नोटेला दोन-तीन चहा देणारा दुकानदार भेटला तर? घन अर्धवाहकांत, म्हणजे सूक्ष्म कण न करता अखंड ठेवलेल्या अर्धवाहकांत, असं घडतं हे जुनंच ज्ञान होतं, पण तिथे त्यासाठी नोट फार मोठी लागते. कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतले आर्थर नोझिक यांनी २००२ च्या सुमारास मांडलं की अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरांइतका लहान केला, तर इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांच्या इतके जवळ कोंडले जातात की जादा ऊर्जेतून दुसरी जोडी तयार होण्याची शक्यता वाढावी. हे काटेकोरपणे जमलं, तर कमाल मर्यादा ३३ वरून ४४ टक्क्यांच्या आसपास जाते.

२००४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्याच लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या रिचर्ड शॅलर आणि व्हिक्टर क्लिमोव्ह यांचा निबंध आला. लेड सेलेनाइडच्या क्वांटम डॉटवर बँड गॅपच्या तिपटीहून जास्त ऊर्जेचा फोटॉन टाकला की दोन एक्झायटॉन मिळतात, आणि तेही पिकोसेकंदांच्या आत. २००५ साली नोझिक यांच्या गटाने लेड सेलेनाइड आणि लेड सल्फाइडवर बँड गॅपच्या चौपट ऊर्जेला ३०० टक्क्यांचा आकडा दिला. २००६ साली लॉस अलामोसने त्यावर कडी केली : बँड गॅपच्या सुमारे ७.८ पट ऊर्जेचा एक फोटॉन आणि सात एक्झायटॉन. ७०० टक्के. अठ्ठ्याहत्तर रुपये दिले तर सात चहा, आठ रुपये तेवढे गेले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम याहून जास्त काही देऊच शकत नाही.

शेपटीचा हिशेब

सात एक्झायटॉन डोळ्यांनी दिसत नाहीत. मग मोजले कसे? सगळी मेख या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा वेळ काढू.

साधन पंप-प्रोबचं. टायटेनियम-सफायर लेझर साधारण १०० फेमटोसेकंदांच्या पल्स सोडतो, सेकंदाला हजार. फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग. मूळ प्रकाश ८०० नॅनोमीटरचा. स्फटिकांतून नेऊन त्याचा ४०० नॅनोमीटरचा किंवा २६६ नॅनोमीटरचा प्रकाश करता येतो. २६६ चा फोटॉन ४.६६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, आणि सातच्या प्रयोगातल्या डॉटचा बँड गॅप त्याच्या सुमारे आठवा हिस्सा. अशी जबरदस्त पल्स, म्हणजे पंप, आधी द्रावणावर आदळते. मागून एक दुबळी पल्स येते, ती प्रोब. तिचा रंग डॉटच्या बँड गॅपशी जुळवलेला असतो. डॉटमधल्या जागा आधीच भरलेल्या असतील तर प्रोब कमी शोषला जातो. पारेषणातला, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशातला, हा फरक हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी असतो, आणि तेवढा पकडण्यासाठी तासन् तास सरासरी काढत बसावं लागतं.

प्रोब किती उशिरा पोचवायचा हे ठरतं सरकत्या आरशांवरून. सरकत्या पट्टीवर ठेवलेले दोन आरसे १५ सेंटिमीटर मागे घेतले की प्रकाशाला जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं, आणि प्रोबला एक नॅनोसेकंद उशीर होतो. दीड मिलिमीटर म्हणजे दहा पिकोसेकंद. एवढ्या सूक्ष्म काळाचं मोजमाप शेवटी फूटपट्टीने होतं, याची मला अजून गंमत वाटते.

आता डॉटमध्ये काय घडतं? एकच एक्झायटॉन असेल तर लेड सेलेनाइडमध्ये तो निवांत, मायक्रोसेकंदाच्या आसपास जगतो. दोन असतील तर गडबड होते : एक जोडी विझते आणि तिची ऊर्जा दुसरीतल्या इलेक्ट्रॉनच्या किंवा होलच्या माथी मारते. ही ओझे प्रक्रिया. नाव पिएर ओझे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचं, पण मराठी वाचकाला अर्थ आपसूक बरोबर लागतो. इथे खरोखरच एकाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. क्वांटम डॉटमध्ये हे काम काही दहा ते शे-दोनशे पिकोसेकंदांत आटोपतं, आणि शेवटी डॉटमध्ये एकच एक्झायटॉन उरतो.

म्हणजे आलेखावर दोन भाग दिसतात. सुरुवातीला उंच टोक, मग झपाट्याने उतार, आणि पुढे लांबलचक सपाट शेपटी. टोकाची उंची म्हणजे एकूण एक्झायटॉन. शेपटीची उंची म्हणजे ज्यांना फोटॉन मिळाला असे डॉट, कारण ओझे आटोपल्यावर अशा प्रत्येक डॉटमध्ये नेमका एक एक्झायटॉन राहिलेला असतो. टोक भागिले शेपटी म्हणजे दर डॉटमागे एक्झायटॉन. लेड सेलेनाइडच्या कडेच्या पातळीत आठ इलेक्ट्रॉनांना जागा असते, म्हणून ही मोजणी सातापर्यंत नेता येते. दोनच जागा असत्या तर सातचा प्रश्नच आला नसता.

एक पळवाट बंद करावी लागते. एकाच डॉटला एका पल्सकडून दोन फोटॉन मिळाले तर? तेव्हाही दोन एक्झायटॉन होतील, पण दोन नोटा देऊन दोन चहा घेण्यात कसलं आलंय नवल? म्हणून पंप इतका मंद ठेवायचा की डॉटमागे सरासरी ०.१ फोटॉन पडावा. संभाव्यतेच्या प्वासाँ सूत्राने मांडलं, तर ज्यांना प्रकाश मिळाला त्या डॉटपैकी जेमतेम पाच टक्क्यांना दोन किंवा जास्त फोटॉन मिळतात. पंप आणखी मंद करत न्यायचा आणि टोक भागिले शेपटी कुठे स्थिरावतं ते बघायचं. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ते एकावर येतं, हवं तसंच. २६६ च्या प्रकाशाला ते एकावर येत नाही, वरच राहतं. तोच कण, तेच द्रावण, तेच टेबल. बदलली ती फक्त फोटॉनची ऊर्जा. पुरावा चोख वाटत होता. मी त्या काळात परीक्षक असतो तर मीही मान डोलावली असती.

आकडे जुळेनात

खटका उडाला २००७ मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले गौतम नायर आणि मौंगी बावेंडी यांनी प्रोबचा मार्ग सोडून डॉटमधून बाहेर पडणारा प्रकाशच काळानुसार मोजला. दोन एक्झायटॉन असलेला डॉट एकट्या एक्झायटॉनपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने प्रकाश टाकतो, त्यामुळे या पद्धतीत जादा एक्झायटॉन लपणं अवघड. कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटमध्ये जादा एक्झायटॉनांचा परिणाम लॉस अलामोसने २००५ मध्येच जाहीर केला होता. नायर आणि बावेंडींना कॅडमियम सेलेनाइडमध्ये आणि कॅडमियम टेल्युराइडमध्ये, बँड गॅपच्या तिपटीपलीकडे जाऊनही, तो सापडला नाही. कमी नव्हे, सापडलाच नाही. (बावेंडी म्हणजे २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ब्रुस आणि येकिमोव्ह यांच्यासोबत मिळालेले तेच. एकसारख्या आकाराचे चांगले डॉट कसे बनवायचे हे जगाला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे माल खराब होता म्हणायची सोय नव्हती.)

२००८ मध्ये जेरुसलेमहून इंडियम आर्सेनाइडच्या डॉटबद्दल असाच नकार आला. लेड सल्फाइड आणि लेड सेलेनाइडमध्ये एमआयटीला परिणाम दिसला, पण आधीच्या दाव्यांच्या मानाने फारच थोडा. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की अलीकडे शंका घेतल्या जात असल्या तरी लेड सेलेनाइडमध्ये हा परिणाम होतो. त्यांचा आकडा बँड गॅपच्या ४.८ पट ऊर्जेला १.७. शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात एवढा तावातावाचा सूर क्वचितच ऐकू येतो.

एकाच्या टेबलावर तीन, दुसऱ्याच्या दीड, तिसऱ्याच्या नुसता एक. पहिला संशय मालावर गेला, आणि ते योग्यच होतं. लेड सेलेनाइड हवेत ठेवलं की पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण होतं. वरचं सेंद्रिय आवरण दर खेपेला थोडं वेगळं बसतं. एकाच कृतीने सोमवारी आणि गुरुवारी केलेले डॉट सख्खे भाऊ असतात, जुळे नव्हेत. पण मालातल्या फरकाने एवढी तफावत का पडावी, याचं उत्तर त्यात नव्हतं.

बाटली ढवळली

पल्सच्या मधल्या काळाकडे कुणी बघत नव्हतं. पल्स १०० फेमटोसेकंदांची, आणि पुढची येते एका मिलिसेकंदाने, म्हणजे दहा अब्ज पट काळ गेल्यावर. पल्स एक सेकंदाची धरली, तर पुढची पल्स येईपर्यंत ३१७ वर्षं उलटतील. साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा, १७०८ साली, एक येऊन गेली आणि दुसरी आत्ता कुठे पोचतेय, असा प्रकार. मायक्रोसेकंदात विझणारा एक्झायटॉन मिलिसेकंदभर कशाला टिकतोय? तेव्हा प्रत्येक पल्सला डॉट कोरा करकरीत भेटतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

एक्झायटॉन टिकत नाही हे खरं. पण अधूनमधून एखाद्या उर्मट फोटॉनच्या तडाख्याने इलेक्ट्रॉन किंवा होल डॉटच्या गाभ्यातून उडून पृष्ठभागावरच्या एखाद्या खड्ड्यात जाऊन बसतो. गाभ्यात त्याचा जोडीदार एकटा राहतो. डॉट आता आवेशित (विद्युतभारित) झाला, आणि ही अवस्था मिलिसेकंदांत संपत नाही, सेकंदांच्या, कधी त्याहूनही मोठ्या मुदतीची असते. पुढच्या हजारो पल्स त्याच डॉटवर पडत राहतात.

अशा डॉटला एक फोटॉन मिळाला, साधा, एकच एक्झायटॉन देणारा, की गाभ्यात तीन जण होतात : नवी जोडी आणि आधीचा एकटा. हा ट्रायॉन. तिसरा हजर असल्यामुळे ओझे प्रक्रिया लगेच सुरू होते. जोडी विझते, ऊर्जा त्या एकट्याच्या डोक्यावर. हेही शंभरेक पिकोसेकंदांच्या घरातलं काम, एकट्या एक्झायटॉनच्या आयुष्याच्या हजारो पटींनी वेगवान. आलेखावर ट्रायॉनचा उतार आणि दोन एक्झायटॉनांचा उतार शेजारी ठेवले तर चटकन वेगळे ओळखू येत नाहीत.

आता भागाकार आठवा. आवेशित डॉट टोकात मोजला जातो, कारण सुरुवातीला त्यात एक्झायटॉन होता. शेपटीत तो नाही, कारण ओझे आटोपल्यावर त्यात एक्झायटॉन उरतच नाही. टोक तेवढंच, शेपटी खुजी. भागाकार वाढला. एकही जादा एक्झायटॉन तयार न होता हिशेबात जादा एक्झायटॉन आले.

किती वाढेल? कागदावर एक नमुना मांडू. आकडे माझे, अंदाज यावा एवढ्यापुरते. डॉटमागे ०.१ फोटॉन आणि सेकंदाला हजार पल्स, म्हणजे प्रत्येक डॉटला सेकंदाला शंभर फोटॉन. दहा हजार फोटॉनांपैकी एखादाच डॉटला आवेशित करतो असं धरा, आणि आवेश वीस सेकंद टिकतो असं. शंभर भागिले दहा हजार, गुणिले वीस : ०.२. समतोलाला सुमारे १७ टक्के डॉट आवेशित सापडतील. टोक १, शेपटी ०.८३, भागाकार १.२. दहा हजारांत एक इतक्या दुर्मीळ घटनेतून १२० टक्क्यांचा निकाल तयार! घटना थोडी कमी दुर्मीळ असली आणि निम्मे डॉट आवेशित झाले, तर सरळ २०० टक्के.

सापळा पक्का होण्याचं कारण पुढे आहे. फोटॉन जितका जास्त ऊर्जेचा, तितका इलेक्ट्रॉन जास्त गरम आणि गाभ्याबाहेर उडण्याची शक्यता जास्त. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात हे फारसं होत नाही, २६६ च्या प्रकाशात होतं. म्हणजे ज्या तुलनेवर सगळ्यांची भिस्त होती, तीच तुलना खरा परिणाम आणि हा बनाव यांत भेद करू शकत नव्हती. आणि आवेश इतका चिवट, की पंप मंद केला तरी तो सहजासहजी मावळत नाही. आणखी मंद करावं तर संकेतच गोंगाटात बुडतो.

द्रावणातले डॉट आपण होऊन इकडेतिकडे जात असतीलच की, असं कुणी म्हणेल. जातात, पण गोगलगायीच्या गतीने. नॅनोमीटरांच्या मापाचा कण अशा द्रावकात पंपच्या ठिपक्याएवढं, म्हणजे दोन-तीनशे मायक्रोमीटर अंतर विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, तोडायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात लाखो पल्स पडून जातात. द्रव आहे म्हणून वाहता असेल, ही समजूत इथे नडली. लेझरच्या दृष्टीने ते द्रावण गोठलेलं होतं.

म्हणून चुंबकाचा तुकडा. ढवळलं की आवेशित डॉट ठिपक्यातून बाहेर फेकला जातो आणि पुढच्या पल्सला नवा डॉट समोर येतो. लॉस अलामोसच्याच गटाने २००८ पासून हे बारकाईने तपासायला घेतलं, आणि २०१० मध्ये जॉन मॅकग्वायर, क्लिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं : एकाच नमुन्यात, ढवळलं आणि न ढवळलं एवढ्याच फरकाने, दिसणारा आकडा तिपटीपर्यंत बदलू शकतो. ते तिथे थांबले नाहीत. किती डॉट आवेशित होतात हे त्यांनी त्याच द्रावणात वेगळं मोजलं, आणि तेवढी वजाबाकी केल्यावर न ढवळलेल्या द्रावणाचे आकडे ढवळलेल्याशी येऊन मिळतात हे दाखवलं. ज्यांनी सातचा आकडा दिला होता, तो का फुगू शकतो हेही त्याच प्रयोगशाळेने दाखवून दिलं. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. गोल्डनच्या गटानेही त्याच वर्षी द्रावण नळीतून वाहतं ठेवून आणि स्थिर ठेवून, दोन्ही तऱ्हांनी मोजलं.

माझा स्वतःचा छोटा अनुभव सांगतो. एका प्रयोगशाळेत पातळ फिल्मवर काम करताना दुपारभर संकेत हळूहळू सुधारत गेला आणि आम्ही खूश होतो. संध्याकाळी नमुना चुकून अर्धा मिलिमीटर सरकला आणि ती सुधारणा गायब! नमुना उजेडात धरला तर लेझर जिथे पडत होता तिथे फिकट ठिपका. फिल्म ढवळता येत नाही. तेव्हापासून मी फिल्मचा आलेख पाहिला की नमुना हलवत ठेवला होता का, हे आधी विचारतो.

मग उरलं काय?

परिणाम खोटा ठरला असं मात्र नाही. ढवळून, वाहतं ठेवून, आवेश वजा करूनही लेड सेलेनाइडच्या डॉटमध्ये जादा एक्झायटॉन मिळतात. सातचा आकडा टिकला नाही, डेल्फ्टच्या १.७ च्या जातीचे आकडे टिकले.

त्यावर लगेच दुसरं भांडण उभं राहिलं, आणि ते जास्त रंजक आहे, कारण त्यात मोजमाप कुणाचंच चुकलेलं नव्हतं. २००९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मिशा बॉन यांच्या गटाने घन लेड सेलेनाइड आणि लेड सल्फाइडमध्ये टेराहर्ट्झ किरणांनी इलेक्ट्रॉन मोजले. टेराहर्ट्झ लहरींना मोकळे आवेशवाहक थेट जाणवतात, ओझेच्या उताराची वाट बघावी लागत नाही. निष्कर्ष असा, की फोटॉनची ऊर्जा तीच ठेवली तर घन पदार्थ क्वांटम डॉटपेक्षा जास्त जोड्या देतो. मग कण लहान करण्याचा खटाटोप कशाला?

नोझिक आणि गोल्डनच्याच गटातले मॅथ्यू बिअर्ड यांच्या बाजूचं म्हणणं : तुलना फोटॉनच्या ऊर्जेवर करू नका, फोटॉनची ऊर्जा बँड गॅपच्या किती पट आहे त्यावर करा. घन लेड सेलेनाइडचा बँड गॅप जेमतेम ०.२८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तिथे चहा तीन रुपयांना मिळतो, म्हणून पन्नासात पेले जास्त येतात, पण त्या चहाचं बाजारात मोल काय? सौरघटाचा व्होल्टेज बँड गॅपवर ठरतो. डॉटमधली जोडी महाग आणि म्हणून कामाची. एकाच आकडेवारीचे हे दोन अर्थ, आणि तुम्ही भौतिकीचा प्रश्न विचारताय की सौरघटाचा, यावर कोणता धरायचा ते ठरतं. मला दुसरी बाजू पटते, कारण मुळात वाद सुरू झाला होता तो सौरघटासाठी. पण बॉन यांच्या मोजमापाने एक भाबडी समजूत कायमची गेली : कोंडलं म्हणजे आपोआप जास्त फळ.

डिसेंबर २०११ मध्ये गोल्डनच्या गटाने लेड सेलेनाइड डॉटचा प्रत्यक्ष सौरघट दाखवला. अतिनील बाजूच्या प्रकाशात पडणाऱ्या दर शंभर फोटॉनांमागे तारेतून ११४ इलेक्ट्रॉन. इथे टोक नाही, शेपटी नाही, भागाकार नाही; नुसता अमीटर. परावर्तन वगैरे वजा जाता आतला आकडा १३० टक्क्यांच्या घरात. घटाची एकूण कार्यक्षमता मात्र टक्क्यांच्या एक आकडी हिशेबातच राहिली. छपरावर असे पॅनल कुणी बसवलेले नाहीत.

पद्धत पुढच्या पदार्थांकडे सरकली. २०१८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या गटाने सीझियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटच्या (ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थाच्या) नॅनोस्फटिकांत जादा जोड्या मिळाल्याचा दावा केला. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात क्वांटम डॉटमधल्या अतिवेगवान घडामोडींवर बरंच काम झालं, आणि पुण्याच्या आयसरमधल्या गटांनी २०१६ मध्ये सीझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांत आवेशवाहक किती सहज धावतात हे टेराहर्ट्झ पल्सनी मोजलं. पेरोव्हस्काइटमध्ये तर आवेशाबरोबर आयनही सरकतात, तेही सेकंदांच्या आणि मिनिटांच्या गतीने. दोन पल्सच्या मधल्या काळात तिथे लेड सेलेनाइडपेक्षा जास्तच काही चाललेलं असतं.

चुंबकाच्या तुकड्याला दरम्यान दुसरी नोकरी लागली. ट्रायॉन किती पिकोसेकंद जगतो हे मोजायचं, तर आवेशित डॉट मुद्दाम तयार करावे लागतात, आणि ते बनवायचा सोपा मार्ग सगळ्यांना आता माहीत आहे. आधी द्रावण जोरात ढवळून आलेख घ्यायचा. मग यंत्र बंद करायचं, द्रावण थांबू द्यायचं, तोच आलेख पुन्हा घ्यायचा. एकातून दुसरा वजा केला की उरतो तो उतार ट्रायॉनचा.